ब्रुअरीत मित्रांसोबत जेवण : आपल्या माशांबरोबर कुठली बिअर, आणि टेबल कसं जमवावं?

खाडीकाठ

मंडळी,

दिवाळीनंतर आमचा कॉलेजचा गट सावंतवाडीला येतोय. पुण्याचे दोघे मोपा विमानतळावर उतरणार, ठाण्याचं एक जोडपं कोकण रेल्वेने येणार, बाकी आम्ही इथलेच. सगळ्यांच्या मनात एक संध्याकाळ उत्तर गोव्यातल्या एखाद्या ब्रुअरीत घालवायची आहे. म्हणजे जिथे बिअर मागच्या टाक्यांत तयार होते आणि पुढच्या टेबलावर येते, अशा ठिकाणी. बांद्यापलीकडे गेलं की अशी ठिकाणं आता बरीच झाली आहेत.

माझा आग्रह एवढाच आहे की तिथे जेवायला बसायचं. ताजी बिअर हे ताज्या मासळीसारखंच खाद्यपदार्थाचं काम आहे, तिचा ताटाशी संबंध आहे. पण आपल्याकडे होतं असं की टेबलावर आधी ग्लास येतात, मग चकली-शेंगदाणे, मग फ्राईज, मग मंचुरियन, आणि मासे मागवायची वेळ येते तेव्हा कोणाला भूक उरलेली नसते. समुद्र हाकेवर, आणि आपण गोठवलेले बटाटे खातो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून विचारतोय :

मासळीच्या कुठल्या पदार्थाबरोबर कुठली बिअर जाते, याचा कोणी नीट अनुभव घेतलाय का? मालवणी मसाला, तिरफळ, कोकम या सगळ्यासकट विचारतोय. गटात एक मित्र पीत नाही, एक मैत्रीण शाकाहारी आहे, त्या दोघांना त्या संध्याकाळी पाहुण्यासारखं वाटू नये. आणि परत येण्याचं काय करता?

---

तिरफळ

धागा आवडला. पहिल्या प्रश्नावर लिहिते, कारण स्वयंपाक हा माझा प्रांत आहे.

मालवणी तिखट आणि फार कडू बिअर यांची जोडी लावू नका. आयपीए म्हणून जो प्रकार मिळतो त्यात हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुलं, भरपूर असतात. तो कडवटपणा आणि मिरचीचा जाळ एकमेकांना चढवतात. त्यात बिअरचा गॅस जिभेवर टोचतो तो वेगळाच. सुक्या मिरचीचं वाटण घातलेल्या कुर्ल्यांबरोबर मी एकदा आयपीए घेतली होती. कुर्ल्यांची गोडी कुठे गेली ते कळलंच नाही. नुसतं तिखट आणि कडू उरलं.

रवा लावून तळलेल्या बोंबलाबरोबर हलकी, स्वच्छ लागर किंवा पिल्सनर. बोंबील आतून लोण्यासारखा मऊ असतो, त्याला चव फार नाजूक. तिथे बिअरचं काम तळणीचा तेलकटपणा धुऊन पुढच्या घासाला जीभ कोरी करून देणं एवढंच. सुरमईच्या तुकडीला गव्हाची बिअर चालते. हेफेवाइझेन नावाचा जर्मन प्रकार बहुतेक ब्रुअऱ्यांत असतोच. त्याला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो त्यातल्या यीस्टमुळे. लवंग आपल्या मसाल्यात आहेच, त्यामुळे परकं काही वाटत नाही.

गोव्यात बसणार आहात तर रेशाद मसाल्याचा बांगडा घ्याच. त्यात व्हिनेगरची आंबट धार असते. त्याच्याबरोबर बेल्जियन पद्धतीची विटबिअर घ्या. तिच्यात धणे आणि संत्र्याची साल घालतात. धणे म्हटल्यावर आपल्या बायकांना वेगळं काय सांगायचं!

---

सड्यावरचा

माका इचारशात तर बिअरीपेक्षा सोलकढी बरी. ताजो बांगडो, उकड्या तांदळाचो भात, सोलकढी. ह्या सोडून टाकयेची बिअर कित्याक व्हयी?

आता गंभीरपणे. आपलं मासळीचं जेवण पूर्ण आहे, त्यात ग्लासाची जागा रिकामी नाही. नारळाचा रस आणि कोकम तिखट शमवतात, पोट शांत करतात. बिअर त्या ताटात पाहुणी आहे, आणि पाहुणीने घरच्यांना उठवू नये असं माझं मत आहे. खाडीकाठ, तुमच्या भावनेशी मी सहमत आहे, फक्त ब्रुअरीत जाऊन भाताचं जेवण मिळत नाही ही माझी तक्रार. सगळं 'स्टार्टर'च्या नावाखाली. मित्रांना मालवणात एखाद्या घरगुती खानावळीत न्या.

---

मोडाची बार्ली

मी पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत काही वर्षं काम केलं, आता घरी देवगडला आहे. थोडं आतलं सांगतो, म्हणजे मेनू वाचताना उपयोग होईल.

बार्लीला मोड आणून वाळवतात, ते माल्ट. ते भरडून साधारण ६५ ते ६७ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवतात. त्या तापमानाला धान्यातला पिष्ट पदार्थ साखरेत बदलतो. मग गाळून घेतलेला गोड रस तास-दीड तास उकळायचा, त्यातच हॉप्स पडतात. आधी पडलेले हॉप्स कडवटपणा देतात, शेवटी पडलेले वास देतात. रस थंड करून यीस्ट घातलं की आंबवण सुरू. इथपर्यंत काम एका दिवसाचं. पुढचं सगळं वाट बघणं.

आणि ती वाट किती बघायची यावर ब्रुअरीचा सगळा मेनू ठरतो. गव्हाची बिअर, एल वगैरे १८ ते २२ अंशांत आंबतात, दोन-तीन आठवड्यांत ग्लासात येऊ शकतात. लागर थंडीत आंबते, नंतर थंडीतच मुरते, महिना-दीड महिना टाकी अडवून बसते. छोट्या जागेत टाक्या मोजक्या. म्हणून तुम्हाला सगळीकडे हेफेवाइझेन आणि विट दिसतात, चांगली लागर क्वचित दिसते. एखाद्या ब्रुअरीत नितळ, स्वच्छ चवीची लागर मिळाली तर समजा की तिथला माणूस घाई करत नाही. तिरफळताईंचा बोंबील तिथे मागवा.

वाढप्याला एकच प्रश्न विचारा : 'यातली सगळ्यात अलीकडे टाकीतून काढलेली कुठली?' ही बिअर बहुतेक वेळा गाळलेली नसते, पाश्चराइज केलेली नसते, तिचं आयुष्य कमी. नेमकं उत्तर आलं तर तिथे बिअरकडे कोणाचं तरी लक्ष आहे.

सुरुवातीला टेस्टर घ्या. चार-सहा छोट्या ग्लासांचा संच मिळतो. टेबलाच्या मध्ये ठेवा, सगळ्यांनी एक-एक घोट घ्या, मग ज्याला जी आवडेल ती. सगळ्यांसाठी सरसकट एकाच बिअरचा पिचर मागवण्यात ब्रुअरीला गेल्याचा अर्थच राहत नाही.

---

तिरफळ

बार्लीदादा, मस्त माहिती. फेसाबद्दल पण लिहा ना. तळलेले मासे खाताना माझ्या ग्लासातला फेस झटकन बसतो.

---

मोडाची बार्ली

तेल. फेस टिकतो तो माल्टमधल्या प्रथिनांवर आणि हॉप्समधल्या घटकांवर. स्निग्ध पदार्थ लागला की तो कोसळतो. तळलेल्या तुकडीनंतर ओठ पुसून घोट घ्या, फरक दिसेल. त्यात बिअर खराब वगैरे काही नसतं. उलट पहिला घोट घ्यायच्या आधीच फेस नसेल तर ग्लास नीट धुतलेला नाही, बदलून मागायला संकोच करू नका.

आणि बर्फाने गोठवलेला मग नको म्हणा. फार गार बिअरला वास नसतो. गव्हाच्या बिअरचा तो केळ्या-लवंगेचा वास सात-आठ अंशांना खुलतो.

---

रातांबा

मला एक मूलभूत शंका आहे. अशा ब्रुअऱ्यांच्या बिअरला लोक 'स्थानिक' म्हणतात, ते का? बार्ली राजस्थान-हरियाणाकडची, हॉप्स बहुतेक जर्मनी-अमेरिकेतून आयात केलेले, यीस्टची पाकिटं परदेशी. टाकी गोव्यात आहे एवढंच. आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला फेब्रुवारी ते मे काजूच्या बोंडांचा सडा पडतो, बी काढून घेतली की बोंड बागेत कुजतं. पलीकडे गोव्यात त्याच बोंडाचा रस काढून आधी उर्राक आणि मग फेणी होते. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. ते पेय खरं स्थानिक : झाड इथलं, फळ इथलं, भट्टी इथली. ब्रुअरीने स्थानिक म्हणवून घ्यायचं तर काहीतरी इथलं घालायला नको का?

---

मोडाची बार्ली

रातांबा, तुमचा मुद्दा मला पूर्ण पटतो, आणि यावर मी खूप विचार केलाय.

बार्ली कोकणात होणार नाही, हवा तशी नाही. हॉप्सही नाहीत. पण तांदूळ आहे. जगातल्या कित्येक लागरमध्ये बार्लीसोबत तांदूळ घालतात, त्याने अंग हलकं होतं, चव कोरडी होते. आपल्या सिंधुदुर्गातला वालय तांदूळ, ज्याची पेज आपण पितो, त्याची लागर करून बघायला काय हरकत आहे? आणि ती बोंबलाबरोबर काय लागेल!

कोकमाचं तर फार सुंदर जमतं. जर्मनीत गोझं नावाची एक जुनी आंबट गव्हाची बिअर आहे, गोस्लार गावावरून नाव पडलेली. तिच्यात धणे आणि मीठ घालतात. हो, मीठ. आता आपलं आगळ आठवा : रातांब्याचा रस, मीठ घालून टिकवलेला. आंबट आणि खारट दोन्ही त्यात आधीच आहेत. गोझंमध्ये अमृत कोकम घातलं तर साखर यीस्ट खाऊन टाकेल. आमसूल घातलं तर रंग येईल पण चव बोथट. आगळ मात्र त्या बिअरच्या घडणीतच बसतं. फक्त ब्रुअरला मिठाचा हिशेब आगळातलं मीठ धरून करावा लागेल.

बिरा कंपनीने काही वर्षांपूर्वी मर्यादित प्रमाणात 'कोकम सावर' काढली होती, म्हणजे कल्पना नवी नाही. मला हवंय ते हे की इथल्या माणसाने इथल्या आगळाने करावी.

---

काजूची बी

गोव्यातली तरुण मंडळी या दिशेने बरीच पुढे आहेत. सांगोल्ड्याच्या गोवा ब्रुइंग कंपनीची 'एट फिंगर एडी' मी बाटलीतून घेतली आहे. ज्याच्यावरून नाव दिलंय तो एडी म्हणजे हणजुण्याचा फ्ली मार्केट सुरू करणारा हिप्पी. नावात का होईना, जागेची आठवण आहे.

मला मात्र वेगळंच सांगायचंय, आणि ते खाडीकाठ यांच्या टेबलाबद्दल आहे. आम्ही चार मैत्रिणी दरवर्षी एकदा अशा ठिकाणी जातो. एका ठिकाणी शेजारच्या टेबलावर पुरुष होते. वाढप्याने त्यांना प्रत्येक बिअर काय आहे ते सविस्तर सांगितलं. आमच्याकडे आला आणि म्हणाला, 'मॅडम, तुमच्यासाठी गोडसर एक आहे.' आम्हाला स्टाऊट, म्हणजे भाजलेल्या धान्याची काळी, कडवट बिअर हवी होती. ठाण्याची जोडी येतेय म्हणालात ना, तर त्या वहिनींच्या हातात मेनू आधी द्या. ग्लास कोणासमोर ठेवायचा हे वाढप्याने ठरवू नये. छोटी गोष्ट वाटेल, पण ती संध्याकाळभर मनात राहते.

आणि स्टाऊटबद्दल : कालवं (ऑयस्टर) मिळाली तर स्टाऊटबरोबर खाऊन बघा. इंग्लंड-आयर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकापासून कालवं आणि स्टाऊट ही साध्या माणसांची जोडी आहे. भाजलेल्या धान्याचा कॉफीसारखा कडवटपणा आणि कालवांचा खारा समुद्री रस. आपल्याकडे कालवांचं सुकं ओल्या खोबऱ्यात करतात, त्यात खोबरं जरा भाजून घेतलं की स्टाऊटशी अगदी मिळतं. तिसऱ्यांच्या, म्हणजे छोट्या शिंपल्यांच्या, सुक्याबरोबरही चालतं.

---

खाडीकाठ

काजूची बी, हे सांगितलंत ते फार बरं झालं. वहिनी आमच्या गटातल्या सगळ्यात जाणकार खवय्या आहेत, मेनू त्यांच्याच हातात जाईल.

सड्यावरचे काका, खानावळ दुसऱ्या दिवशी दुपारी ठरलेली आहेच, काळजी नसावी. भात, आमटी, तुकडी, सोलकढी, सगळं. मला दोन्हींत भांडण दिसत नाही. संध्याकाळ वेगळी, दुपार वेगळी.

---

नाडीपरीक्षा

मी रत्नागिरीत डॉक्टर आहे. तुमच्या मजेत मला विघ्न आणायचं नाही, पण चाळिशी ओलांडलेल्या गटांसाठी दोन गोष्टी लिहितो.

पहिली, युरिक ॲसिड. बिअर, शिंपल्यातले जीव, कोळंबी, बांगडा-तारली यांसारखे मासे, या सगळ्यांत प्युरिन (शरीरात ज्यांचं युरिक ॲसिड होतं ते घटक) असतात किंवा ते युरिक ॲसिड वाढवतात. बिअरमध्ये अल्कोहोलचा परिणाम वेगळा आणि यीस्टमधल्या प्युरिनांचा वेगळा. ज्याला आधी गाउटचा, म्हणजे युरिक ॲसिडने सांधा सुजण्याचा, झटका येऊन गेलाय त्याने कालवं आणि स्टाऊट ही जोडी शेजारच्याच्या ताटात बघावी. दुसऱ्या दिवशी अंगठा सुजून आलेले पाहुणे माझ्याकडे सुट्ट्यांत नेमाने येतात.

दुसरी, मधुमेह. काही गोळ्यांबरोबर, विशेषतः सल्फोनिलयुरिया गटातल्या, रिकाम्या पोटी मद्य घेतलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. चक्कर, घाम, बरळणं. आणि बाकीच्यांना वाटतं की याला चढलीये. ही गफलत धोकादायक आहे. अशा मित्राने आधी जेवावं, आणि टेबलावरच्या एकाला तरी आपली गोळी माहीत असावी.

खाडीकाठ यांचा 'जेवायला बसा' हा आग्रह म्हणूनच मला डॉक्टर म्हणून मान्य आहे. पोटात अन्न असलं की अल्कोहोल रक्तात सावकाश चढतं.

---

सड्यावरचा

डॉक्टर, माझ्या अंगठ्याचा पत्ता तुम्हाला कोणी दिला? मी तर म्हणतच होतो सोलकढी.

---

पाणवठा

मी हा धागा सुरुवातीपासून वाचतेय. लिहावं की नको असं होत होतं.

आमच्या घरात दारूने जे केलं ते मी इथे लिहिणार नाही. कोणावर राग नाही. तुम्ही सगळे जबाबदारीने बोलताय हेही दिसतंय. पण 'पीत नाही त्याला पाहुण्यासारखं वाटू नये' या वाक्यावर मी थांबले, कारण मी तीच असते टेबलावर. लोक दोन गोष्टी करतात. एक तर कारण विचारतात, आणि कारण सांगितलं की संध्याकाळ जड होते. नाहीतर 'एक घोट घे, बिअर म्हणजे काय दारू थोडीच' म्हणतात. बिअर ही दारूच आहे. कृपा करून त्या मित्राला विचारू नका. त्याच्यासाठी चांगलं काहीतरी पिण्याचं मागवा, तेही तुमच्यासारख्याच सुंदर ग्लासात येऊ द्या, आणि त्याचा हिस्सा बिलात वेगळा धरा.

बाकी मला ब्रुअरीत जायला आवडतं. जेवण चांगलं असेल तर.

---

खाडीकाठ

पाणवठा, मनापासून आभार. तुम्ही सांगितलंत तसंच होईल. त्याला मी कधी कारण विचारलं नाही, आणि बाकीच्यांनाही आधीच सांगून ठेवतो. बिलाचं डोक्यात नव्हतं, ते अगदी योग्य आहे. बिअरचा हिशेब पिणाऱ्यांत, जेवणाचा सगळ्यांत.

---

तिरफळ

पीत नाही त्या मित्रासाठी : काही ठिकाणी कोकम सोडा मिळतो, त्यात मीठ-जिरं घालायला सांगा. फार गोड सिरप-पाणी देतात ते परत पाठवा. आल्याचं ताजं पेय असेल तर तेही माशाबरोबर छान. पाणवठा म्हणतात तसं मोठ्या ग्लासात.

शाकाहारी मैत्रिणीसाठी गोव्याच्या बाजूला मशरूम शाकुती मिळते बऱ्याच ठिकाणी. भाजलेलं खोबरं आणि खसखस घातलेली. पोई पावाबरोबर घेतली तर पोटभर होते, आणि तपकिरी एलबरोबर जाते. नाहीतर बिचाऱ्या शाकाहारी माणसाला सगळीकडे पनीर टिक्काच. ओल्या काजूंची उसळ दिवाळीनंतर मिळणार नाही, ती फेब्रुवारी-मार्चमधली. तेव्हा आलात तर आमच्या घरी या, मी करीन.

---

काजूची बी

परतीचं कोणी लिहिलं नाही अजून.

चालवणाऱ्याने एक थेंबही घ्यायचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण दंड बाजूला ठेवा. रात्री महामार्गावर गुरं बसलेली असतात, दुचाकीवाले दिव्याविना येतात. आम्ही सावंतवाडीचा एक ओळखीचा ड्रायव्हर संध्याकाळपुरता सांगतो आणि त्याचं जेवण आमच्या बिलात. त्यालाही बाहेर गाडीत बसवून ठेवू नका, आत नीट टेबल द्या.

दुसरं, तिथून बाटली किंवा भरून दिलेला कॅन सोबत आणू नका. गोवा बनावटीची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते. पुण्याचे पाहुणे हमखास म्हणतात, 'एक तर घेऊ.' ताजी बिअर तशीही फार टिकत नाही. तिथेच प्या, तिथेच संपवा.

---

पुलावरून

मी अलिबागकडचा. आमच्याकडचे मित्र मुंबईला जाऊन ताजी बिअर पितात. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला रो-रो (गाड्याही नेणारी बोट) आहे २०२० पासून, गाडी घरी ठेवून पायी बोटीत बसता येतं. शेवटची बोट चुकली की मग मात्र मुक्काम.

बिलाबद्दल थोडं. महाराष्ट्रात बसलात तर जेवणावर जीएसटी आणि मद्यावर व्हॅट, असे दोन कर वेगळे दिसतील. बारमधल्या मद्यावरचा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून पाचाचा दहा टक्के झाला, त्यानंतर जुन्या आठवणीने बजेट काढलेल्या मित्रांची भांडणं मी बघितली आहेत. मद्यावर जीएसटी लावलेला दिसला तर विचारा, मद्य जीएसटीत नाही. सेवा शुल्क आपोआप बिलात घालता येत नाही, तशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ते काढायला सांगा आणि वाढप्याच्या हातात स्वतः पैसे द्या. आणि महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं. गटात कोणाचं मोठं झालेलं पोर असेल तर लक्षात ठेवा.

---

रातांबा

एक भर. जून-जुलैत असा बेत कोणी आखत असेल तर, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या काळात ब्रुअरीच्या मेनूवर सुरमई, पापलेट दिसले तर ते बहुधा शीतगृहातले. तेव्हा खाडीतलं किंवा शिंपल्यातलं काय आहे ते विचारा. दिवाळीनंतरचा तुमचा बेत उत्तम वेळेचा आहे.

---

खाडीकाठ

मंडळी, जाऊन आलो. या धाग्यातलं जवळजवळ सगळं कामाला आलं म्हणून सविस्तर लिहितो.

दुपारीच फोन करून विचारलं, आज मासे कुठले आणि बिअर कुठली नवी. मासे आधी ठरवले : बोंबील, रेशाद बांगडा, तिसऱ्यांचं सुकं, आणि भात मिळेल का असंही विचारलं. सड्यावरचे काका, भात मिळाला! मेनूत नव्हता, स्वयंपाकघरातल्या लोकांसाठी केलेला होता. त्यांनी आनंदाने दिला, सोबत हुमण, म्हणजे माशाची आमटी. त्या भातावर सगळ्यांनी असा काही ताव मारला की मालक स्वतः येऊन विचारून गेले, हे मेनूत घालू का. मी म्हटलं, नक्की घाला, आणि उकडा तांदूळ वापरा.

टेस्टर मध्ये ठेवले. पुण्याचा मित्र आयपीएचा भक्त. त्याने बांगड्याबरोबर हट्टाने तीच घेतली आणि तीन घासांनंतर न बोलता विटकडे वळला. तिरफळताई, तुमचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. विट आणि रेशाद ही जोडी माझ्या मते त्या संध्याकाळची सगळ्यात सुरेख गोष्ट होती. आंबट, धण्याचा वास, संत्र्याची किंचित कडू साल, आणि बांगड्याचं तेल. एकानेही दुसऱ्याला दाबलं नाही.

लागर नव्हती. मी ब्रुअरला विचारलं तर त्याने टाकी दाखवली : भरलेली आहे, अजून तीन आठवडे देणार नाही म्हणाला. बार्ली, तुमची आठवण झाली. घाई न करणारा माणूस. बोंबील आम्ही हेफेवाइझेनबरोबर खाल्ला, बरा लागला, पण केळ्याचा वास बोंबलाला जरा जड पडतो.

वहिनींनी स्टाऊट आणि तिसऱ्या घेतल्या. कालवं नव्हती. त्यांच्या शब्दांत, 'खोबरं अजून एक मिनिट भाजायला हवं होतं, बाकी बिनतोड.'

पीत नसलेल्या मित्राला आल्याचं पेय आणि नंतर कोकम सोडा, आमच्यासारख्याच ग्लासांत. कोणी काही विचारलं नाही. रात्री निघताना तो म्हणाला की पुढच्या वेळी पण इथेच येऊ. पाणवठा, हे तुमच्यासाठी लिहितोय.

शाकुतीत मशरूम होते, मैत्रीण खूश. ड्रायव्हरदादा आत आमच्या शेजारच्या टेबलावर जेवले. त्यांनी भातावर दोनदा हुमण घेतलं.

---

पाणवठा

वाचून बरं वाटलं. खरंच.

---

सड्यावरचा

भात मेनूत आला तर मीही येतो. बिअर तुम्ही घ्या, माका हुमण.

---

मोडाची बार्ली

खाडीकाठ, त्या ब्रुअरला माझा निरोप द्याल का? एप्रिल-मेमध्ये रातांबे निघाले की घरचं आगळ भरतो आम्ही. दहा लिटर मी देतो, पैसे नकोत. छोट्या टाकीत एक गोझं करून बघ म्हणावं. आगळात मीठ किती पडलंय ते बाटलीवर लिहून देईन, म्हणजे त्याला हिशेब सोपा जाईल.

---

खाडीकाठ

आत्ताच फोन केला. हो म्हणाला. मिठाचं प्रमाण आधी कळवा म्हणतोय, आणि आगळ किती दिवस टिकतं ते विचारलंय.

---

तिरफळ

मीठ पुरेसं असेल तर काचेच्या बरणीत वर्षभर. प्लास्टिकच्या कॅनमधून पाठवू नका, वास लागतो. शनिवारी भातासाठी टेबल आधी सांगावं लागतं का तेही विचारा.

---

खाडीकाठ

लागतं. शुक्रवारपर्यंत फोन करायचा, म्हणजे तांदूळ जास्त टाकतील.